काही न होणारी गाडी

आरएक्स १०० असलेल्या माणसाला तिच्याबद्दल विचारा, तो आधी तोंडाने आवाज काढून दाखवतो. बुलेटवाला लडाखपासून सुरुवात करतो. येझदीवाला किकचा उलटा फटका बसून पाय कसा सुजला होता ते कौतुकाने सांगतो. आणि जुनी होंडा युनिकॉर्न १५० असलेला माणूस म्हणतो, "काही होत नाही तिला."

बस्स. एवढंच.

आमच्याकडे २००६ ची युनिकॉर्न आहे. पप्पांनी दसऱ्याला घेतली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आता ती माझ्याकडे पुण्यात असते. सिग्नलला दुसरी युनिकॉर्न शेजारी येऊन थांबली की तिचा मालक आधी नंबर प्लेटकडे बघतो, मग माझ्याकडे. "कुठलं मॉडेल?" "सहाचं." "माझी नऊची. काही होत नाही." आम्ही दोघं मान डोलावतो, सिग्नल सुटतो. प्रेमाची कबुली इतकी कोरडी असू शकते हे मला या गाडीने शिकवलं.

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. ते कितपत खरं आहे, आणि त्यात काय सांगायचं राहून जातं?

आधी गाडीची ओळख. हिरोच्या भागीदारीबाहेर, स्वतःच्या एकट्याच्या नावाने होंडाने भारतात आणलेली पहिली मोटरसायकल म्हणजे २००४ ची युनिकॉर्न. १४९.१ सीसीचं एअर-कूल्ड इंजिन, पाच गिअर, साधारण १३ बीएचपी ताकद. मागे दोन शॉक अॅब्सॉर्बरच्या जागी एकच, मोनोशॉक. तोपर्यंत दीडशे सीसी म्हणजे काय, हे २००१ ला आलेल्या पल्सरने ठरवून टाकलं होतं. जाहिरातीपासूनच ती 'मर्दाची गाडी' होती. युनिकॉर्न त्याच वर्गात येऊन बसली, पण पहिल्या बाकावरच्या शांत मुलासारखी. सरळ बसायची जागा, रुंद सीट, गुळगुळीत गिअर, आवाज जवळपास नाहीच.

ती दुर्लक्षित आहे असं म्हणताना एक काळजी घ्यायला हवी. ती खपली नाही असं अजिबात नाही. कुठल्याही सरकारी कचेरीच्या पार्किंगमध्ये जा, दोन-चार दिसतीलच. दुर्लक्ष झालं ते बोलण्यात. तिच्यावर रील बनत नाहीत. सिनेमातला हिरो तिच्यावरून येत नाही. फार तर हिरोइनचे वडील येतात.

याचं कारण मला माझ्या नोकरीत सापडलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री तीनला सिस्टीम कोसळली आणि कुणी ती उठवली, तर सकाळी त्याच्या नावाने कौतुकाचा मेल फिरतो. ज्याची सिस्टीम वर्षभर कोसळलीच नाही, त्याच्याबद्दल लिहायला मॅनेजरकडे काही नसतं. गोष्टीला अडचण लागते. गाडी कसारा घाटात बंद पडली, पाऊस होता, ट्रकवाल्याने मदत केली, की झाला किस्सा. जी गाडी रोज वेळेवर घरी आणते तिचा किस्सा होत नाही.

तरी तिच्यावर लोकांचा जीव होता, आणि हे कंपनीच्या कागदांवरूनही दिसतं. २०१४ च्या अखेरीस सीबी युनिकॉर्न १६० आली, जास्त धारदार चेहऱ्याची, नव्या फॅशनची. त्यानंतरही जुनी दीडशे बाजारात परत आणावी लागली. आणि २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले तेव्हा 'युनिकॉर्न' या नावाने जी गाडी उभी राहिली, तिचं इंजिन १६२.७ सीसीचं होतं आणि रूप जुन्या दीडशेचं. न बोलणाऱ्या गिऱ्हाइकांनी खरेदीतून दिलेलं हे मत आहे. मला ते कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा वजनदार वाटतं.

इथपर्यंत मीही त्या मान डोलावणाऱ्यांपैकीच होतो. मग मागच्या दिवाळीत पप्पांची डायरी हाती लागली.

पप्पा नाशिकरोडहून सिन्नरच्या एमआयडीसीत जायचे. मोहदरी घाट चढून जायचं, उतरून यायचं, तिन्ही शिफ्टना. एलआयसीच्या एका जुन्या डायरीत त्यांनी गाडीचा हिशोब ठेवला होता. तारीख, किलोमीटर, काम. ऑइल बदललं. चेनला ग्रीस. मागचे ब्रेक शू. एअर फिल्टर. पुन्हा ऑइल. चेन-स्प्रॉकेटचे सहा सेट. क्लच प्लेटा. एक लाख दहा हजाराच्या आसपास बोअर-पिस्टनचं काम. दीड लाखाच्या पुढे नोंदी थांबतात, कारण तिथे पप्पा रिटायर झाले आणि गाडी माझ्याकडे आली.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही तर म्हणायचात, काही होत नाही तिला?"

ते म्हणाले, "मग? झालं का कधी?"

त्यांच्या लेखी ते सगळं 'होणं' नव्हतंच. घासलेला भाग बदलणं म्हणजे दाढी करण्यासारखं. गाडी रस्त्यात उभी राहिली असती तर ते 'झालं' असतं. आमच्या या वाक्यात गाळलेला मजकूर तो हा. 'काही होत नाही' म्हणताना आपण सगळं श्रेय लोखंडाला देतो. दर अडीच हजार किलोमीटरला वाकून ऑइल काढणारा गॅरेजवाला त्यात येत नाही. रविवारी सकाळी जुन्या बनियनने चेन पुसणारा मालकही येत नाही.

हे वाक्य नुसतं अपुरं असतं तर चाललं असतं. ते आळशीही करतं, हे माझ्या अंगावर उमटलं आहे. डायरी सापडण्याआधीची तीन वर्षं मी गाडी 'काही होत नाही' या भरवशावर चालवली. मागचा टायर गुळगुळीत झाला होता, मला दिसत होता. जूनच्या पहिल्या पावसात बाणेरला ब्रेक दाबला आणि मी गाडीसकट सरकत गेलो. कोपर फुटलं, बाकी वाचलो. चूक शंभर टक्के माझी. ऑफिसमध्येही हेच बघतो. जी सिस्टीम कधी त्रास देत नाही तिच्याकडे कुणी वर्षानुवर्षं वळूनही बघत नाही.

त्यामुळे जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांनी दोन गोष्टी मोकळेपणाने मान्य कराव्यात. पहिली, वाईट निघालेल्या किंवा वाईट वापरलेल्या गाड्या कधीच भंगारात गेल्या. सिग्नलला भेटतात त्या टिकलेल्याच, म्हणून सगळ्याच टिकल्या असं वाटतं. दुसरी, २००६ ची गाडी ही २००६ ची गाडी आहे. मागे ड्रम ब्रेक, एबीएस नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, आणि तो नियम चांगला आहे. जुनं ते सोनं म्हणताना ओल्या रस्त्यावरचं अंतर बदलत नाही.

आमच्या गाडीची पंधरा वर्षं २०२१ मध्ये भरली. तेव्हा पासिंग करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवून घेतली. ती मुदतही आता संपत आली आहे. एक्स्चेंजमध्ये देऊन नवी घ्यावी असं माझं जवळपास ठरलं होतं. डायरी वाचल्यावर बेत बदलला. पावसाळ्यात आणि हायवेवर ती न्यायची नाही, गावातल्या कामापुरती ठेवायची. दोन्ही टायर नवे टाकलेत.

आणि डायरीत पप्पांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ लिहिली आहे. तारीख, किलोमीटर, 'चेनला ग्रीस'. माझं अक्षर त्यांच्याइतकं चांगलं नाही. पुढच्या वेळी सिग्नलला कुणी म्हणालं, "काही होत नाही," तर मान डोलवीनच. फक्त विचारीन, "ऑइल कधी बदललंत?"