शांतता म्हणजे गप्प बसणं नव्हे

विद्यापीठातल्या मुलामुलींना ‘शांतता शिक्षण हवं का?’ असं विचारलं, तर नाही कोण म्हणेल? म्हणून अशा होकारांची टक्केवारी मांडणाऱ्या पाहण्यांवर आमचा फारसा भरवसा नाही. शांतता म्हणजे काय, असं विचारा. भांडण नसणं, मन स्थिर असणं, अशी उत्तरं येतील. ती खोटी नाहीत, अपुरी आहेत.

योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये भेद मांडला : प्रत्यक्ष हिंसा नसणं ही नकारात्मक शांतता, सामाजिक न्याय असणं ही सकारात्मक. आता महाड पाहा. २० मार्च १९२७ पूर्वी चवदार तळं शांतच होतं की! ते सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव कागदावर होता, अस्पृश्यांना पाणी मात्र मिळत नव्हतं. बाबासाहेब आणि सत्याग्रही पाणी प्यायले, आणि मार खाल्ला तो सत्याग्रहींनी. मग शांतता मोडली कुणी?

हा प्रश्न ज्या प्रश्नावलीत नाही, ती विद्यार्थ्यांची मतं मोजत नाही, त्यांचा आज्ञाधारकपणा मोजते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेत शांततेसाठीच्या शिक्षणाला जागा दिली, तीही न्याय आणि मानवी हक्कांसह. विद्यापीठात आपण त्याचा नुसता ध्यानवर्ग करून टाकू नये, एवढंच आमचं म्हणणं.