निर्वाणानंतरचा देह : दोन आत्मकथने

बंगळूरच्या ‘संगमा’ संस्थेत काम केलेल्या ए. रेवती यांचे तमिळ आत्मकथन व्ही. गीता यांच्या इंग्रजी अनुवादातून २०१० मध्ये वाचकांसमोर आले. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ २०१२ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. रेवतींच्या कथनात दिंडीगल येथील शस्त्रक्रिया, म्हणजेच निर्वाण, हा पुनर्जन्माचा क्षण ठरतो. लक्ष्मी मात्र निर्वाणाचा मार्ग स्वीकारत नाहीत. या दोहोंची तुलना बहुधा येथेच थांबते, आणि तेथेच ती अपुरी पडते. वृषण काढल्यावर शरीराला इस्ट्रोजेन मिळाले नाही, तर हाडे ठिसूळ होतात. म्हणजे कथन ज्या प्रसंगी कळसाला पोहोचते, तेथूनच दीर्घकाळच्या औषधोपचाराची गरज सुरू होते. बसवनगुडीत काय किंवा लक्ष्मींच्या ठाण्यात काय, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गर्भनिरोधक गोळ्यांत एथिनिल इस्ट्रॅडिओल असते. त्याने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, धूम्रपानाने तो आणखी बळावतो. स्पायरोनोलॅक्टोन घेताना रक्तातील पोटॅशियम तपासावे लागते. तपासण्यांचा हा संथ, पुनरावृत्त काळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दुभंगलेल्या कथनरचनेत मावत नाही. चाळीस दिवसांच्या विधीला तेथे जागा असते, रोजच्या गोळीला नसते. (२०१९ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाने संप्रेरकोपचाराचा निदान नामनिर्देश तरी केला.) या काळाचा शोध घ्यायचा, तर आत्मकथनापेक्षा दैनंदिनी आणि पत्रे अधिक उपयोगी पडतील.