मिडच्या दारातली फट

काउंटर-स्ट्राइकमध्ये नकाशे पुष्कळ आले आणि गेले, पण 'डस्ट टू'मधल्या मिडच्या दाराइतकी नेमकी जागा मला दुसरी दिसलेली नाही. डेव्ह जॉन्स्टन या इंग्रज तरुणाने २००१ मध्ये हा नकाशा केला. वाळूच्या रंगाच्या भिंती, वर आकाश, आणि उताराच्या तळाशी पुरतं न मिटलेलं दुपाखी दार. टेररिस्टांच्या जागेवरून खाली नजर टाकली की दोन फळ्यांच्या मधे एक उभी फट दिसते. फेरी सुरू होताच काउंटर-टेररिस्ट 'बी' या बॉम्बच्या जागेकडे धावतात आणि धावताना ती फट ओलांडतात. वर ॲवप ही स्नायपर रायफल घेऊन बसलेल्याला तेवढाच क्षण मिळतो. नाटक इतकंच, आणि एका बैठकीत ते कितीदा तरी होतं.

ही फट मी नगरच्या नेट कॅफेत पाहिली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण त्या दिवसांबद्दल बोलताना तोंडात नगरच येतं. आवृत्ती १.६, २००३ ची. पीसीमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं तर नशीब. भारनियमनाचे ते दिवस. वीज गेली की यूपीएस ओरडायला लागायचा आणि चालू फेरी कशीबशी संपवायची घाई व्हायची. अशा यंत्रांवर खेळल्यामुळेच मिडच्या दाराची खरी चव कळली असं माझं मत आहे, कारण यंत्राचे दोन्ही दोष तिथे उघडे पडतात: चित्र फाटणं आणि माउस मागे राहणं.

आधी फाटण्याचं बघू. मॉनिटर चित्र वरून खाली काढत जातो, सेकंदाला ६० वेळा. म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. ग्राफिक्स कार्ड मात्र आपल्या गतीने चित्रं तयार करतं, आणि मॉनिटर अर्ध्यावर आला असतानाच नवं चित्र त्याच्या हाती देऊन मोकळं होतं. वरचा भाग जुन्या चित्राचा, खालचा नव्याचा. शिंप्याने चौकडीच्या शर्टावर खिसा लावताना चौकडी जुळवू नये, तसं दिसतं ते. आता माउस झपकन उजवीकडे फिरवा. सगळं दृश्य डावीकडे सरकतं. खालचा भाग ताजा असल्यामुळे तो जास्त सरकलेला असतो. परिणामी दाराची फट मधेच तुटते, वरचा तुकडा उजवीकडे राहतो, खालचा डावीकडे जातो. वाळूच्या सपाट भिंतीवर हे कळतही नाही. आडव्या कडांवर तर मुळीच नाही. उभी कड आणि आडवी हालचाल एकत्र आली तरच फाट डोळ्यांत भरते, आणि या नकाशातली सगळ्यात महत्त्वाची रेघच उभी आहे.

यावर सेटिंगमध्ये एक सोपा उपाय असतो, व्ही-सिंक. ते लावलं की मॉनिटरचं चित्र पूर्ण होईपर्यंत कार्ड नवं चित्र देत नाही. फट वरपासून खालपर्यंत अखंड, सुरेख. आणि लगेच शेजारच्या खुर्चीवरून आवाज: "काय राव, माउस लय जड झालाय!" माउसला काहीच झालेलं नसतं. ड्रायव्हर चित्रं आगाऊ रांगेत लावून ठेवतो, आणि त्या काळी ही रांग सहसा तीन चित्रांपर्यंत असायची. ६० च्या मॉनिटरवर तीन चित्रं म्हणजे ५० मिलिसेकंद. चाकू हातात घेऊन धावणारा गडी सेकंदाला २५० युनिट जातो आणि त्याचं शरीर ३२ युनिट रुंद असतं. ५० मिलिसेकंदांत तो साडेबारा युनिट पुढे गेलेला असतो, म्हणजे आपल्या देहाच्या एक तृतीयांशाहूनही जास्त. पडद्यावर तो फटीच्या मधोमध दिसतो तेव्हा खरा तो फळीआड पोचायच्या बेतात असतो. शिवाय कार्डाला ६० चित्रं झेपली नाहीत तर व्ही-सिंक थेट ३० वर आणून सोडतं, ते वेगळंच.

माझा कौल फाटलेल्या चित्राच्या बाजूने आहे. ते कुरूप आहे, पण त्याच्या खालच्या अर्ध्यात आत्ताची बातमी असते. कॅफेतल्या मुरलेल्या पोरांनी हे कुणी न शिकवता ओळखलं होतं. व्ही-सिंक बंद. खेळाची मूळ ७२ फ्रेमची मर्यादा कन्सोलमध्ये 'एफपीएस मॅक्स १०१' लिहून वाढवलेली. विंडोज एक्सपीची एक खोड होती: डेस्कटॉप ८५ हर्ट्झवर असला तरी खेळ उघडताच मॉनिटर ६० वर यायचा आणि सीआरटीचं लुकलुकणं डोळ्यांना खुपायचं. त्यासाठी ड्रायव्हरमध्ये खटपट करावी लागे. विंडोजचं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' काढायचं, कारण त्याने हात तेवढाच हलूनही वेगाप्रमाणे माउस कमी-जास्त फिरतो आणि मनगटाची सवय बिघडते. वर खेळाच्या शॉर्टकटमध्ये 'नोफोर्सएमॲक्सेल' आणि त्याची दोन भावंडं लिहायची, नाहीतर खेळ पुन्हा आपलीच प्रवेगाची सेटिंग लादायचा. गोळीचा माउस असेल तर यातलं काही करण्याआधी तो उलटा करून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा. निम्मा लॅग तिथेच असायचा!

या सगळ्यातून खेळण्याची एक शैली तयार झाली, आणि मला सगळ्यात जास्त आवडते ती हीच. माउस स्थिर असला की चित्र फाटत नाही. म्हणून दुबळ्या पीसीवरचा शहाणा गडी फटीवर नेम धरून हात पूर्ण रोखायचा. मग पडद्यावर हलणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पलीकडून येणारा शत्रू. फाट पडलीच तर ती त्याच्या अंगावर, दारावर नाही. समोरचे 'कॅम्पर, कॅम्पर' म्हणून शंख करत, करू देत. त्या स्थिर हातात यंत्राची पूर्ण जाण होती. वळून, झटका देऊन मारणारा देखणा दिसतो खरा, पण ते देखणेपण चांगल्या मॉनिटरवरच परवडतं.

असे मॉनिटर आता आले आहेत. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं, एएमडीचं फ्रीसिंक २०१५ मध्ये मॉनिटरमध्ये आलं. दोन्हींत मॉनिटरच कार्डासाठी थांबतो. चित्र तयार झालं की काढायला घेतो. फाट नाही, रांगही नाही. फक्त फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या कमाल दरापेक्षा दोन-चारने खाली ठेवावी लागते, नाहीतर कार्ड पुढे पळतं आणि जुनी दुखणी परत येतात. माउसही सेकंदाला १२५ ऐवजी १००० वेळा खबर देतो.

मधल्या काळात व्हॉल्व्हने नव्या आवृत्तीत दाराची फळी सरकवून टेररिस्टांच्या जागेवरून दिसणारी ती फट झाकून टाकली. खेळाच्या न्यायाने ते बरोबरच झालं. फेरी सुरू होताच, काही करायच्या आत मरणं कुणाला आवडेल? पण १.६ मध्ये दार अजून होतं तिथेच आहे. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तो जुना खेळ लावणार असाल तर जी-सिंक किंवा फ्रीसिंक चालू ठेवा आणि फ्रेम १०० वरच राहू द्या. त्यापुढे नेल्या तर या जुन्या इंजिनाची चाल बिघडते. मॉनिटर आपणहून १०० वर येतो आणि माउस कितीही झपाट्याने फिरवला तरी फट अखंड राहते.