‘गोलपिठा’ आणि ‘प्रियदर्शिनी’ : एक अडचणीचा प्रश्न

नामदेव ढसाळांची कविता शिकवताना आपण सोयीच्या जागी थांबतो. १९७२ चा ‘गोलपिठा’, त्याच वर्षीची दलित पँथर, कामाठीपुरा, तेंडुलकरांची प्रस्तावना, आणि मग एकदम १९९९ ची पद्मश्री. मधली १९७६ ची ‘प्रियदर्शिनी’ गाळली जाते. गेल्या वर्षी अकोल्याकडच्या खेड्यातला एक विद्यार्थी भर वर्गात म्हणाला, “सर, ज्यानं ‘गोलपिठा’ लिवला त्यानंच आणीबाणीत इंदिरा गांधीवर कविता लिवली? मंग आमी कोनता ढसाळ वाचाचा?” मला उत्तर सुचले नाही.

प्रस्थापित समीक्षकाला उत्तर सोपे आहे. त्याला या एका कवितेच्या निमित्ताने सगळा विद्रोहच खोटा ठरवायचा असतो. त्याच्या पंगतीला बसायची मला हौस नाही. पण म्हणून आपण मौन पाळावे काय?

पाव्हलो तिचिना (१८९१–१९६७) हा युक्रेनचा प्रतीकवादी कवी. १९१८ च्या त्याच्या पहिल्या संग्रहाच्या नावातच सूर्य आणि सनईच्या जातीचे वाद्य एकत्र आले आहेत. साऱ्या विश्वाचा नाद ऐकणारी ती कविता. १९३३ साली, युक्रेनमध्ये लाखो माणसे दुष्काळाने मरत असताना, त्याने पक्षाच्या नेतृत्वाचे गीत लिहिले. पुढे तो शिक्षणमंत्री झाला. त्याच्या पिढीतले कितीतरी लेखक गोळी घालून मारले गेले. त्याच्या शरणागतीमागे मृत्यूचे भय होते, हे विसरून त्याचा न्याय करता येणार नाही.

ढसाळांचे तसे नव्हते. इथे तुरुंग होता, सेन्सॉर होता. पण भयापेक्षा आशेचे आमिष मोठे होते. जुलै १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमीन आणि वेठबिगारीचे उच्चाटन ही कलमे होती. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माझ्या आजोबांनाही ती खरी वाटली होती. त्यांना मी फितूर म्हणू शकत नाही. मात्र आजोबा कवी नव्हते.

माझा आक्षेप कवितेच्या नजरेवर आहे. ‘गोलपिठा’ गटारातून वर बघतो आणि वर बसलेल्यांना जाब विचारतो. त्याची शिवराळ, ओबडधोबड भाषा ही त्या जाबाचीच भाषा आहे. स्तुतिकवितेत जाब विचारण्याची सोय नसते. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी अमरावतीत परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. त्या माणसांनी कृपा मागितली नव्हती, हक्क मागितला होता. ‘प्रियदर्शिनी’त हे भान सुटले, असे माझे मत आहे. ‘गोलपिठा’ त्यामुळे उणा होत नाही. एखाद्याला हे मत कठोर वाटेल, वाटो.

यंदा मी दोन्ही पुस्तके वर्गात नेली. तो विद्यार्थी आता शेवटच्या वर्षाला आहे. त्याने ‘प्रियदर्शिनी’ आधी मागून घेतली.