फोटोत न आलेली मोटार

माझा एक फोटो पेपरात आला होता. २०१६ साली, फेब्रुवारी सरता सरता. मांजरा धरणाच्या तळात मी उभा, पायाखाली भेगाळलेली जमीन, आणि डोळ्यांवर हात धरून वर बघतोय. खालच्या ओळीत आभाळाकडं डोळे लागल्याचं लिहिलं होतं. पेपरचं नाव सांगत नाही. फोटो काढणारा पोरगा गुणी होता, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणला, "काका, जरा वर बघा," मी बघितलं. फेब्रुवारीत आमच्याकडं आभाळाकडं बघतात ते गारपिटीच्या धाकानं, पावसाच्या आशेनं नव्हे. दोनच वर्षांआधी, २०१४ला, गारांनी ज्वारी झोपवली होती. पण हे त्या वेळी सुचलं नाही.

कात्रण गावात फिरलं. पारावर कौतुक झालं. घरी आणून मंडळींना दाखवलं. तिनं चष्मा लावला, कागद उजेडात धरला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आन् मोटार कुठंय ह्याच्यात?"

मोटार नव्हती. मी उभा होतो तिथून चाळीस पावलांवर भावकीतल्या तिघांनी मिळून जेसीबीनं खड्डा खांदला होता. तळातलं उरलंसुरलं पाणी चर काढून खड्ड्यात आणलं होतं. त्यावर मोटार बसवून आम्ही वीस-वीस गुंठे उसाचं बेणं जगवत होतो. फोटोवाल्याची पाठ त्या बाजूला होती. त्यानं मुद्दाम केली असं म्हणत नाही. पण मी तरी कुठं म्हणलं, की बाबा, जरा इकडं वळ?

तेव्हापासून मला फोटोतली जमीन वाचायची खोड लागली. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. कॅमेऱ्यातलं कळत नाही, जमिनीतलं थोडं कळतं. आमचं युसूफ वडगाव केज तालुक्यात, धरणाची भिंत धनेगावला, तेही केज तालुक्यातच. त्यामुळं या एका धरणाचे भरल्याचे आणि आटल्याचे इतके फोटो बघण्यात आले, की कुणी मोजले नसतील.

सुरुवात माझ्याच फोटोपासून करतो. आधी पायाखालची जमीन. त्या भेगा शेतातल्या नव्हेत. काळ्या रानातली भेग लांब जाते, वाकडी जाते, हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. तिच्या काठाला धसकटं असतात, ढेकळं असतात. फोटोतल्या भेगा फरशीसारख्या होत्या. पाच-सहा बाजूंचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या कडा वर वळलेल्या, भाकरीचा पापुद्रा सुटतो तशा. असा टवका साचलेल्या गाळाचा निघतो. म्हणजे तिथं थोड्या दिवसांआधी पाणी होतं आणि ते माणसानं भिंत घालून अडवलेलं होतं. गाळ तरी कुणाचा? वरच्या शिवारांतल्या रानांचाच, पावसात वाहून आलेला. जी जमीन फोटोत दुष्काळाचं तोंड म्हणून छापली, ती धरण नसतं तर तशी दिसलीच नसती.

दुसरी गोष्ट. माझ्या डाव्या पायामागून दगडांची एक ओळ तिरपी गेलीय. नीट बघितल्याशिवाय कळत नाही. तो बांध आहे. धरण झालं १९८०च्या आगेमागं, त्याच्या आधीचा, कुणाचा तरी. धरण आटलं की असे बांध वर येतात, विहिरींचे कठडे वर येतात. त्या बांधावरून कुणी भावाशी बोलणं सोडलं असंल, कुणी कोर्टाच्या चकरा मारल्या असतील. मग पाणी आलं आणि दोघांचंही रान गेलं. पेपरवाल्याला ती नुसती दगडं वाटली.

तिसरी गोष्ट उजव्या कोपऱ्यात. छपाईत काळपट पडलेल्या भागात बोटाएवढी एक काळी रेघ आहे. सावली वाटते. तो आमचा पाइप आहे. मोटार फोटोत आली नाही, पण पाइप आलाय. हे मी मंडळींना दाखवलं तेव्हा ती म्हणली, "मंग त्यांना सांगा की छापायला."

आता कुणी म्हणंल, की हा फोटो खोटा होता का? खोटा नव्हता. २०१४ आणि २०१५, दोन्ही साली पाऊस कमी झाला होता. धरण खरंच आटलं होतं. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. त्या गाडीचे फोटो देशभर गेले. लोकांची तहान खरी होती. माझं म्हणणं एवढंच, की फोटोनं बोट आभाळाकडं दाखवलं आणि जमिनीवर जे जे माणसांनी केलं होतं ते सगळं चौकटीच्या बाहेर राहिलं. आणि आम्हाला ते सोयीचं होतं. आभाळाला कुणी जाब विचारत नाही. मोटार दिसली असती तर चार लोक विचारायला आले असते, पिण्याला पाणी राखायचं असताना ऊस कसा भिजतोय?

त्यावर माझ्याकडं उत्तर होतं, अर्धंमुर्धं. सोयाबीनचा भाव काय निघंल ते बाजारात गेल्यावर कळतं. उसाचा पैसा उशिरा येतो, पण येतो. पोरीचं लग्न, बँकेचं कर्ज, सगळं त्या हिरव्या पट्ट्याच्या भरवशावर. म्हणून कुणी नुसता हिरव्या उसाचा फोटो छापून खाली ‘चंगळ’ लिहिलं, तर तोही फोटो मला तितकाच अर्धा वाटंल.

भेगांच्या फोटोबद्दल आणखी सांगायचं राहिलं. उन्हाळा आला की पेपरात काळ्या रानाच्या भेगा छापायचीही रीत आहे. काळी जमीन चांगल्या सालीसुद्धा एप्रिल-मेमध्ये उलते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, तिचा धर्मच तो. आमचे वडील भेगा पडलेल्या रानाकडं बघून खूश व्हायचे. म्हणायचे, रान स्वतःच नांगरतंय. पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो. खरा दुष्काळ पावसाळ्यात असतो, जुलै-ऑगस्टात, पेरलेलं वीतभर येऊन माना टाकतं तेव्हा. पण त्याचा फोटो काढला तर लांबून रान हिरवंच दिसतं. कोण छापणार?

१९७२च्या दुष्काळाचे फोटो पुस्तकांतून येतात. बायामाणसं रांगेनं बसून खडी फोडताहेत. बहुतेक फोटो चेहऱ्यांचे, हाडं निघालेल्या हातांचे. ते बघवत नाहीत, कारण त्या रांगेत माझी आई होती. मी बारा-तेरा वर्षांचा, तिथं मिळणाऱ्या सुकडीसाठी मागं मागं फिरायचो. पण अशा फोटोत मी आता चेहरे सोडून मागचं बघतो. मागं खडीचे ढीग असतात, चौकोनी, काठ सारखे केलेले. ते मापासाठी. माप भरलं तरच मजुरी. ढीग कडेला नीट दिसतो, तो कुणीतरी दगड आतून पोकळ ठेवून रचलाय का, हे फोडणाऱ्याला लगेच कळतं. आणि त्या ढिगांच्या पलीकडं रस्त्याची कच्ची आखणी. आईनं जिथं खडी फोडली त्या सडकेवरून मी आज मोटरसायकलवर तालुक्याला जातो. दुष्काळानं माणसं वाळली आणि त्याच माणसांनी मुलखाचा चेहरा बदलला. रस्ते, पाझर तलाव, नाल्यांचे बांध, सगळे त्या हातांचे. फोटोच्या ओळीत मात्र ‘दुष्काळग्रस्त’ एवढंच येतं.

त्याच्याही आधीचे फोटो आहेत. आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राजा दीनदयाळ हे निजामाचे फोटोग्राफर. औरंगाबादकडच्या दुष्काळी कामांचे फोटो त्यांच्या नावावर आहेत. उपाशी माणसं, पण कशी, शिस्तीत बसवलेली, कॅमेऱ्याकडं तोंड करून. कारण फोटो दरबारासाठी होता. दरबारानं काम काढलं हे दिसायला हवं होतं. मला पोरगा ‘वर बघा’ म्हणला, त्यांना कुणी ‘समोर बघा’ म्हणलं असंल.

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. माझी ही खोड त्याला ठाऊक. दिवाळीला आला तेव्हा मोबाइलवर काही फोटो दाखवले. अमेरिकेत रॉचेस्टर शहरी, जॉर्ज ईस्टमन हाऊस या संग्रहालयात १९७५ साली एक प्रदर्शन भरलं होतं, ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचं. पोटनावाचा अर्थ, माणसानं बदललेल्या मुलखाचे फोटो. विल्यम जेन्किन्स यांनी ते मांडलं होतं, दहा जणांचं काम होतं. पुतण्या म्हणला, "तात्या, ह्यात तर काहीच नाही की."

खरंच काही नव्हतं. रॉबर्ट ॲडम्स नावाच्या माणसाचे कोलोराडोतल्या नव्या घरांचे फोटो. सारखी सारखी घरं, मागं लांब डोंगर, पुढं मोकळी माती. लुईस बाल्ट्झ यांच्या फोटोत कारखान्यांच्या नुसत्या भिंती. कुणी रडत नाही, कुणी वर बघत नाही. मला ते लगेच आवडलं. घरांपुढची माती बघितली, तिच्यावर गवताची काडी नव्हती. म्हणजे यंत्र फिरून फार दिवस झाले नव्हते, आणि वरचा कसदार थर कुठंतरी ढकलून दिला होता. आपल्याकडं केज-अंबाजोगाईच्या बाहेर प्लॉटिंग पडतं तेव्हा हेच होतं. मुरूम टाकून चुन्याच्या रेघा मारल्या की शंभर पिढ्यांची काळी माती संपली. त्या जागेचा फोटो आपल्याकडं फक्त जाहिरातीत येतो.

पण माझी एक तक्रार आहे. त्या फोटोंत माणसानं केलेलं सगळं आहे आणि माणूस जवळजवळ नाही. माणसानं बदललं म्हणजे कोणत्या माणसानं? जमीन विकणारा वेगळा, घेणारा वेगळा, बुलडोझर चालवणारा वेगळा. सगळ्यांना ‘माणूस’ म्हणून एकाच पोत्यात भरलं की पुन्हा कुणाचंच नाव येत नाही. आभाळाकडं बोट दाखवण्यापेक्षा बरं, पण फार पुढं नाही. आणि ‘बदललेला मुलूख’ म्हणलं की कुठंतरी न बदललेला आहे असं वाटतं. मला आमच्या शिवारात असं एक ढेकूळ दाखवा. गायरानाच्या माळावरचे दगडसुद्धा कुणीतरी वेचून बांधाला लावलेले आहेत.

पुतण्यानं मग उपग्रहाचे जुने फोटो काढले. लँडसॅट नावाचा पहिला उपग्रह १९७२च्या जुलैत वर गेला, म्हणजे आई खडी फोडायला लागली त्याच साली. मोबाइलवर साल सरकवत गेलं की मांजराचं पाणी फुगतं, आकसतं. भोवती उसाचे हिरवे चौकोन. अलीकडच्या सालांत निळे चौकोन, ती शेततळी. प्लास्टिक अंथरलेली, आणि त्यांतली कितीतरी पावसानं नव्हे, बोअरनं भरलेली. वरून दोन्ही पाणी सारखंच निळं. मला त्यात आमचं रान सापडलं. बांध काही दिसला नाही. चुलत्याशी ज्याच्यावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं तो बांध वरून दिसतच नाही, हे बघून जरा हसू आलं, जरा वाईट वाटलं.

२०१६च्याच सप्टेंबरात पाऊस असा लागला, की धरण भरलं. फेब्रुवारीत मी उभा होतो त्या जागेवर कितीतरी पुरुष पाणी. पेपरात दरवाज्यांचे फोटो आले, पाण्याची पूजा आली. आमची मोटार आम्ही आधीच वर ओढून घेतली होती.

गेल्या उन्हाळ्यात पाणी मागं सरलं तेव्हा पुतण्याला घेऊन तळात गेलो. त्याला म्हणलं, आता मी सांगतो तिथून काढ. पाठ पाण्याकडं, तोंड काठाकडं. त्याच्या फोटोत सगळं आलं. पाइपांचं जाळं, वाकड्या काठ्यांवरून नेलेल्या तारा, मोटारींवर झाकलेली पोती, मागं हिरवा ऊस. मोटारी मोजल्या, अकरा भरल्या. डावीकडून चौथी माझी.

"लय भारी आलाय तात्या," तो म्हणला. "कुणाला पाठवू? पेपरवाल्याला?"

मी जरा वेळ मोबाइल हातात धरून बघितलं. म्हणलं, राहू दे सध्या. ह्यात भावकीच्या मोटारी पण आहेत.