आकाशवाणीची दृश्य ओळख : सातत्याचा प्रश्न आणि बीडचा श्रोता

नभोवाणी हे मूलतः श्राव्य माध्यम होय. त्यामुळे तिच्या बोधचिन्हाचा विचार आपल्याकडे दुय्यम मानला गेला. वॉल्टर कॉफमन यांनी १९३०च्या दशकात रचलेली संकेतधून आणि केंद्राच्या नावाची उद्घोषणा, एवढी ओळख श्रोत्यास पुरेशी होती. ही धून पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. श्राव्य ओळखीत जपलेले हे सातत्य दृश्य ओळखीत मात्र आढळत नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

विसंगतीची सुरुवात नावापासून होते. ८ जून १९३६ रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. ‘आकाशवाणी’ हे म्हैसूर संस्थानातील केंद्राचे नाव पुढे १९५७ मध्ये राष्ट्रीय सेवेने स्वीकारले. १९९०च्या प्रसारभारती कायद्यातही ‘आकाशवाणी’ हेच नाव असून त्याची अंमलबजावणी १९९७ मध्ये झाली. तरीही इंग्रजी नाव वापरात राहिले आणि केवळ ‘आकाशवाणी’ म्हणण्याचा आदेश निघण्यास मे २०२३ उजाडला. कायदा आणि व्यवहार यांत पडलेले हे अंतर सव्वीस वर्षांचे आहे. ज्या संस्थेची दोन नावे समांतर चालतात, तिच्या फलकांत, पत्रव्यवहारात व चिन्हांत एकरूपता येणे कठीणच.

याचा परिणाम बीडसारख्या जिल्ह्यात अधिक जाणवतो. बीड केंद्राच्या एफ.एम. लहरींना अंतराची मर्यादा आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जाणारी कुटुंबे पाच-सहा महिने या लहरींच्या पलीकडे असतात. अशा वेळी आकाशवाणीशी नाते ठेवण्याचा मार्ग म्हणजे मोबाइलचा पडदा. तेथे संकेतधूनीआधी चिन्ह दिसते. अल्पशिक्षित श्रोत्यासाठी चिन्ह हीच अक्षरओळख असते. ते प्रत्येक ठिकाणी निराळे दिसले, तर त्याने आपले केंद्र ओळखावे कसे? शिवाय हवामानाचा इशारा वा पीकविम्याची सूचना म्हणून खोटे संदेश फिरत असताना अधिकृत चिन्ह हा विश्वासाचा एक आधार ठरतो. मात्र त्याचे रूप स्थिर असेल, तरच बनावट रूप नजरेत भरते.

सर्व केंद्रांवर एकच चिन्ह लादल्यास स्थानिकता लोपेल, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. परंतु केंद्राची स्थानिकता तिथल्या बोलीत, लोकगीतांत आणि शेतीविषयक कार्यक्रमांत असते. तिच्यासाठी चिन्ह बदलण्याची आवश्यकता नाही. चिन्ह सर्वत्र एक असावे व त्याखाली केंद्राचे नाव ठरावीक वळणाच्या देवनागरी अक्षरांत यावे, एवढे पुरेसे आहे.

सातत्य म्हणजे गोठलेपण नव्हे. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे ब्रीद लहान पडद्यावर वाचता येणार नाही. तेथे चिन्हाचे सुटसुटीत रूप लागेलच. पत्रासाठी एकरंगी रूपही हवे. मात्र ही रूपे संस्थेने ठरवून द्यावीत; प्रत्येक छपाईवाल्याच्या मर्जीवर सोडू नयेत. बदल करावयाचाच असेल, तर त्याचे कारण श्रोत्यांना सांगितले जावे. एप्रिल २०२४ मध्ये डीडी न्यूजच्या चिन्हाचा रंग लालऐवजी भगवा झाला, तेव्हा उठलेला वाद हेच दर्शवतो की, सार्वजनिक प्रसारणाचे चिन्ह लोक आपले मानतात.

सारांश, दृश्य ओळख हा सजावटीचा भाग नसून श्रोत्याप्रती असलेल्या उत्तरदायित्वाचा भाग आहे. संकेतधूनीने जे कानासाठी साधले, ते चिन्हाने डोळ्यांसाठी साधावे, ही अपेक्षा वाजवी म्हणावी लागेल.