खंडणी कोणाला?

मराठी बायबलात, मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, येशू आपण जीव कशासाठी देणार ते स्वतः सांगतो. तिथे भाषांतरकारांनी योजलेला शब्द आहे ‘खंडणी’. आजच्या वाचकाला या शब्दासरशी गुंडाचा फोन आठवेल, इतिहासाची आवड असलेल्याला मराठ्यांच्या स्वाऱ्या. मूळ ग्रीक शब्द ‘लूट्रॉन’; गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजायची रक्कम, असा त्याचा अर्थ. ‘खंडणी’ कानाला खरखरीत लागते खरी, पण मला ती आवडते. ती ऐकताच माणूस विचारतो : दिली कोणाला?

आपल्याकडच्या सर्वधर्मविषयक लेखनात हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे सॉक्रेटिसाचा विषाचा पेला, येशूचा क्रूस आणि गांधीजींवरच्या गोळ्या एका ओळीत मांडून तिन्हींना ‘हौतात्म्य’ म्हटले जाते. हेतू चांगलाच असतो. पण हुतात्मा आपल्या सत्यासाठी मरतो. त्याच्या मरणाने दुसऱ्याचे कर्ज फिटत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा नेमका कर्ज फिटल्याचा आहे. ‘हौतात्म्य’ म्हटले की तो दावा वादाशिवायच निकालात निघतो, आणि तो नाकारणाऱ्यांचे म्हणणेही ऐकायचे राहून जाते.

गंमत अशी, की खंडणी कोणाला यावर खुद्द ख्रिस्ती आचार्यांचे एकमत नव्हते. चौथ्या शतकातला न्यिसाचा ग्रेगरी म्हणतो, माणूस सैतानाच्या ताब्यात होता, तेव्हा किंमतही सैतानालाच. आमिषात गळ लपवावा तसे देवत्व देहात लपवले होते. सैतानाने आमिष गिळले आणि अडकला. त्याचाच मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी याने ही कल्पना धुडकावली. दरोडेखोराला खंडणी, आणि तीही साक्षात देवाची? बरे, पित्याला दिली म्हणावे, तर ज्याने अब्राहामाकडून इसहाकाचा बळी घेतला नाही, त्याच्या जागी मेंढा दिला, तो पुत्राच्या रक्ताने कसा संतोषेल? या विषयावर इतका नेमका प्रश्न नंतर क्वचितच कोणी विचारला असेल.

कँटरबरीचा आर्चबिशप ॲन्सेल्म याने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ‘देव मनुष्य का झाला’ या ग्रंथात सैतानाला हिशेबातूनच वगळले. पापाने देवाचा मान हिरावला. देणे माणसाचे, ऐपत फक्त देवाची. म्हणून देव माणूस झाला. सरंजामी युरोपातली मानापमानाची वही इथे उघडी दिसते. पुढच्या पिढीतल्या आबेलारला निरपराध्याचे रक्त किंमत म्हणून मागणे हेच क्रूर वाटले. क्रूसावर दिसते ते प्रेम आणि त्याने माणूस आतून बदलतो, हे त्याचे उत्तर. आपल्या ‘हौतात्म्या’च्या सर्वांत जवळचा हाच, पण त्याच्याही लेखी ते प्रेम देवाचे आहे, एका थोर माणसाचे नव्हे. सामान्य ख्रिस्ती जनांनी मात्र प्रश्न सोपा करून घेतला होता : मारले कोणी? त्याचे उत्तर शतकानुशतके ज्यूंना भोगावे लागले. हा दोष सरसकट सर्व ज्यूंवर ठेवता येणार नाही, असे व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने जाहीर केले ते १९६५ मध्ये.

आपल्या भाषेत या कर्जाची गोष्ट पहिल्यांदा सविस्तर सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. गोव्यातल्या राशोल इथे १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर येशूच्या जन्मापूर्वीच संपतात. ओवीत रमणाऱ्या, स्वर्गाला वैकुंठ म्हणणाऱ्या या ग्रंथाची भाषा आपल्याला इतकी घरची वाटते, की ही रचना नजरेतून निसटते. कर्ज केव्हा आणि कसे झाले ते कळल्याशिवाय फेडीला अर्थ नाही, हे स्टीफन्स जाणून होते. ‘हौतात्म्य’ म्हणणारा वाचक हे छत्तीस अवस्वर न वाचता थेट क्रूसापाशी पोचतो.

गांधीजींनी तसे केले नाही. प्रिटोरियात प्लिमथ ब्रदरन पंथाच्या एका गृहस्थाने त्यांना पापाचा भार येशूवर टाकायला सांगितले. आपल्याला पापाच्या फळापासून नव्हे, पापापासूनच सुटका हवी आहे, असे गांधीजींनी उत्तर दिले. आत्मकथेत ते पुढे सांगतात, की येशूचे मरण त्यांना थोर उदाहरण वाटले, पण त्यात काही गूढ सामर्थ्य असल्याचे मनाला पटले नाही. हा नकार आहे, आणि दावा पुरता समजून घेऊन दिलेला आहे.

इस्लामचा नकार याहून मुळातला. कुराणाच्या चौथ्या सूरेची १५७ वी आयत म्हणते, की त्यांनी ईसाला ठार केले नाही, क्रूसावरही दिले नाही. त्यांना तसे भासवले गेले. भासवले म्हणजे काय? दहाव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या तबरीने यावर अनेक कथा नोंदवल्या आहेत : सगळे शिष्य ईसासारखे दिसू लागले, किंवा एका शिष्याने ते रूप स्वखुशीने घेतले. फख्रुद्दीन राझी तर शंका काढतो, की एकाचा चेहरा दुसऱ्यावर चढू लागला तर समोरच्याला ओळखण्याचा भरवसा काय राहिला? तो उत्तरेही देतो. मला शंका अधिक मोलाची वाटते. इख्वान-उस-सफा या बसऱ्याच्या विद्वानमंडळाने ईसाचा देह क्रूसावर गेला हे मान्यच केले होते. पुढे अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी ईसा क्रूसावरून जिवंत उतरून काश्मीरला आला असे मांडले. त्या श्रीनगरच्या कबरीवर आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त शाई खर्च झाली आहे.

खरा मतभेद चेहऱ्याचा नाहीच. कोणी कोणाचे ओझे वाहणार नाही, असे कुराण सहाव्या सूरेत बजावते. मोबदला देऊन सोडवण्याची कल्पना मात्र कुराणाला परकी नाही. इब्राहीमच्या मुलाला एका बळीच्या मोबदल्यात सोडवल्याचे सदतिसाव्या सूरेत आहे. बकरी ईद त्याचीच आठवण. तिथे मुलगा वाचतो, कोणाचे पाप धुतले जात नाही. नाझियान्झसच्या ग्रेगरीने ज्या मेंढ्यापाशी आपला प्रश्न उभा केला, त्याच मेंढ्यापाशी इस्लामचे उत्तर आहे.

आणि ईसाचे मरण? बहुसंख्य मुसलमानांच्या श्रद्धेनुसार ते अजून व्हायचे आहे. तो परत येईल, इतरांसारखाच मरेल. मदिनेत पैगंबरांच्या कबरीशेजारी त्याच्यासाठी एका कबरीपुरती जागा मोकळी ठेवली आहे, असे परंपरा सांगते.